त्रेचाळीस विहिरी, अडतीस केबी

काल रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडला, तर सी ड्राइव्हची पट्टी लाल. जागा दहा टक्क्यांच्या आत आली की विंडोज ती निळ्याची लाल करतं. भाच्याच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवरून उतरवून घ्यायचे होते आणि जागा पुरत नाही, असा निरोप पडद्यावर आला. उरले होते जेमतेम ९ जीबी. उद्या करू, उद्या करू म्हणत तीन महिने गेले होते. म्हटलं, आज आवरूनच टाकू.

‘आवरणं’ हा शब्द मला फार जवळचा वाटतो. घर आवरतात, फडताळ आवरतात, केस आवरतात, रडूही आवरतात. बाहेर निघायची वेळ झाली की दारातून कुणीतरी विचारतं, ‘आवरलं का गं?’ पसरलेलं, सुटलेलं, हाताबाहेर गेलेलं पुन्हा हाताखाली आणायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात टाकून देणंही येतं, पण ते अगदी शेवटी. लहानपणी आई माळा आवरायला काढायची तेव्हा मी शिडीखाली उभी राहून वस्तू झेलायचे. ती प्रत्येक गोष्ट हातात घेऊन उजेडाकडे धरायची. मग काही बोहारणीसाठी, काही रद्दीत, काही पुन्हा माळ्यावर. अख्खी दुपार त्यात जायची. कॉम्प्युटरवर आवरताना असं काहीच हातात घ्यावं लागत नाही. खुणा करायच्या आणि एक बटण दाबायचं.

सोप्या ठिकाणांपासून सुरुवात केली. रिसायकल बिनमध्ये ६ जीबी पडून होते. डिलीट केलेली फाइल बिनमध्ये गेली तरी त्याच डिस्कवरची जागा अडवून बसते. बिन रिकामी करेपर्यंत आपण काहीच मोकळं केलेलं नसतं. मागच्या आठवड्यात विंडोजचं मोठं अपडेट झालं होतं. अशा वेळी जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात जपून ठेवली जाते, नवीन पटली नाही तर मागे फिरता यावं म्हणून. दहा दिवसांनी ती आपोआप जाते. माझं नवीन नीट चाललं होतं, म्हणून सेटिंग्जमध्ये स्टोरेज, तिथून टेम्पररी फाइल्स, असं जाऊन ती कालच काढली. २२ जीबी सुटले. हायबरनेटची एक लपलेली फाइल असते. लॅपटॉप हायबरनेट करताना रॅममधलं सगळं तिच्यात उतरवलं जातं. ८ जीबी रॅम असेल तर ती साधारण ३ जीबी धरून बसते. हायबरनेट बंद केलं की ती जाते. बदल्यात लॅपटॉप सुरू व्हायला जरा जास्त वेळ लागतो. मला ते चालण्यासारखं होतं. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात मात्र मी हात घातला नाही आणि कुणी घालूही नये. तिथे काय कशाला जोडलेलं आहे हे आपल्याला दिसत नाही.

ही डिस्क घेतली तेव्हा खोक्यावर २५६ जीबी लिहिलेलं होतं आणि विंडोज ती २३८ ची दाखवत होतं. बरेच दिवस मला वाटत होतं की मधले १८ कुणीतरी लाटले. तसं काही नसतं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. माल तेवढाच, माप वेगळं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. या नव्या प्रकारच्या डिस्कला, एसएसडीला, काही जागा रिकामी लागतेच. तिच्यात लिहिलेल्यावर थेट दुसरं लिहिता येत नाही; आधी एक मोठा तुकडा पुसायचा, मग त्यावर लिहायचं. पुसायच्या आधी त्या तुकड्यातलं जे हवं आहे ते उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं आणि त्यासाठी मोकळा कोपरा लागतो. डिस्क काठोकाठ भरली की तिचा वेग मंदावतो तो यामुळे. ओटा भांड्यांनी भरलेला असला तर त्यावर पोळी लाटता येत नाही, तसंच हे. रिकामी जागा वाया गेली असं आपण म्हणतो, पण काम चालतं ते तिथेच.

डाउनलोड्समध्ये वीजबिल होतं. खाली तेच बिल, नावापुढे कंसात १. त्याखाली पुन्हा तेच, कंसात २. सापडेना म्हणून दरवेळी नव्याने उतरवून घेतलेलं. असे ११ जीबी निघाले.

मग सगळ्या फाइली आकाराप्रमाणे लावल्या, सगळ्यात जड ती वर. वरचे दहाही मोबाइलवर काढलेले व्हिडिओ होते. फोर-के मध्ये एक मिनिट चित्रण केलं तर सहज साडेतीनशे एमबी होतात. एका व्हिडिओत गाडीच्या काचेवर पाऊस पडतो आहे, चार मिनिटं. एकात समारंभ सुरू व्हायची वाट बघणारं रिकामं व्यासपीठ. एक खिशात मोबाइल चालू राहिल्याने झालेला, नुसता अंधार आणि कापडाची खसखस. हे काढून टाकताना जीव अडकला नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली चकतीची साठवण बाजारात आणली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. आजच्या मोबाइलवरच्या एका बऱ्या फोटोला तेवढी जागा लागते. त्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाने एकही अक्षर विचार न करता आत घातलं नसेल. आमच्याकडे आत घालायला विचार लागत नाही, म्हणून तो सगळा विचार बाहेर काढताना करावा लागतो, तोही रात्री अकरा वाजता, थकलेल्या डोळ्यांनी.

आणि थकलेल्या माणसाला मदत तयार असते. विंडोजमध्ये २०१७ पासून ‘स्टोरेज सेन्स’ नावाची सोय आहे. तिला सांगून ठेवलं तर डाउनलोड्समधली फाइल ३० किंवा ६० दिवस उघडली नाही की ती आपणहून पुसते. सोय चांगली आहे, वीजबिलांसाठी तर उत्तमच. पण काल मला तिच्यातलं माप पहिल्यांदा खटकलं. यंत्राला फाइलीबद्दल कळतं काय? ती किती मोठी आहे आणि शेवटची कधी उघडली. मोठी आणि बरेच दिवसांत न उघडलेली, म्हणजे काढायला योग्य. या मापाने घराचं खरेदीखत निकामी ठरेल, कारण ते वीस वर्षांत कुणी उघडत नाही. आजीचा एकुलता एक फोटो निकामी ठरेल. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे तिसरं माप नाही, आणि ते त्याला देता येईल असंही मला वाटत नाही.

मी स्वतःही काल त्याच मापाने चालले होते. ‘सेटअप’ नावाचं एक जुनं फोल्डर दिसलं, तारीख २००४ ची. जुने सेटअप म्हणजे कचरा, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की मी आत न बघता ते डिलीट केलं. मग यादीच्या अगदी तळाशी गेले, आणि तिथे ‘अण्णा’ नावाचं फोल्डर होतं. सगळं मिळून ११ एमबी.

अण्णा, माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते. १९९९ ला निवृत्त झाले आणि २००३ साली त्यांनी एमएस-सीआयटीचा कोर्स केला. वर्गात सगळ्यात वयस्कर तेच. घरी कॉम्प्युटर घेतला, मराठी टायपिंग शिकले आणि दुपारी चहानंतर रोज तासभर बसून एका बोटाने काहीतरी लिहायचे. आम्ही कधी विचारलं नाही. ते गेल्यावर भावाने कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्यातलं ‘अण्णा’ आणि ‘सेटअप’ एका पेन ड्राइव्हवर घेतलं. तिथून ते माझ्या आधीच्या लॅपटॉपवर आणि मग या लॅपटॉपवर आलं. इतकी घरं बदलली, पण मी ते उघडलं नव्हतं.

काल उघडलं. ‘विहिरी’ नावाची फाइल, ३८ केबी. आत इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंस, टोप्या, एकाचाही अर्थ लागेना.

त्या काळात मराठी टाइप केलेलं ज्यांच्याकडे आहे त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. तेव्हाचे बहुतेक मराठी फाँट एका युक्तीवर चालत. फाइलीत साठवली जात ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक संख्या. फाँट फक्त त्या जागी देवनागरी आकार काढून दाखवायचा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० मध्ये ती वापरताही येत होती, पण क्लासमध्ये आणि छापखान्यांत जुनेच फाँट चालत, म्हणून अण्णांनी तेच शिकून घेतले. म्हणजे शब्द एका फाइलीत आणि त्यांचा अर्थ दुसऱ्या फाइलीत. फाँट हरवला की ३८ केबी तशीच्या तशी राहते, तिच्यातलं मराठी नाहीसं होतं.

फाँट कुठे असणार? ‘सेटअप’मध्ये. अर्ध्या तासापूर्वी टाकलेल्या.

बिन उघडली तेव्हा हात कापत होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. फोल्डर तिथे होतं. रिस्टोर केलं. आत फाँटची एक चिमुकली फाइल होती, साठ-एक केबींची. बिन पुन्हा रिकामी केली असती तर काय झालं असतं, ते मी नंतर शांतपणे आठवून पाहिलं. डिलीट म्हणजे पुसणं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात विंडोज अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी ‘आता वापरात नाही’ अशी करतं. पान जागच्या जागी असतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून गेलेले फोटो परत मिळवून देणारे कारागीर याच फटीतून काम करतात. एसएसडीत ती फट जवळपास बुजलेली आहे. नोंद काढली की विंडोज डिस्कला लगेच कळवतं, ही जागा आता तुझी, आणि डिस्क सवडीने ती साफ करून टाकते. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं तर बिनमध्येही जात नाही. शिफ्ट दाबून डिलीट केलेलंही नाही. काल मी थोडक्यात वाचले.

फाँट बसवला आणि पान उमललं. गावातल्या विहिरींची यादी होती. गाव आमचं माण तालुक्यातलं, पावसाने कायम पाठ फिरवलेल्या भागातलं. एकूण ४३ विहिरी. प्रत्येकीचं नाव, कुणाच्या वाट्यात किती हिस्सा, खोली किती परस, बांधकाम दगडी की कच्चं, मोट एक चालायची की दोन, बैलांची धाव अजून दिसते की बुजली, पाण्याची पाळी कशी ठरायची. शेवटचा रकाना, कधी आटली. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच नोंद: ‘७२ ला’. चिंचेखालची विहीर, सात परस, ७२ ला. देवळामागची, पाच परस, ७२ ला. मधेच एका ओळीत, ‘हिच्यात पोहायला शिकलो.’ बाकी ठिकाणी स्वतःबद्दल एक शब्द नाही.

१९७२ च्या दुष्काळाला आमच्याकडे कुणी एकोणीसशे लावत नाही, ‘बहात्तर’ म्हटलं की पुरतं. ते दोन आकडे वाचताना मला दुसरी गोष्ट आठवली. साठ-सत्तरच्या दशकांत कॉम्प्युटरमधली जागा इतकी महाग होती की प्रोग्रॅम लिहिणारे साल दोनच अंकांत लिहीत, ‘१९’ गाळत. दर नोंदीमागे दोन अक्षरं वाचायची. ते प्रोग्रॅम टिकले, आणि २००० साल जवळ आलं तेव्हा ‘००’ म्हणजे कोणतं साल हे यंत्रांना कळेना. जगभर ते दुरुस्त करत बसावं लागलं. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना सॉफ्टवेअरमधली पहिली नोकरी त्या कामावर लागली. जागा वाचवण्यात त्यांची चूक झाली असं मला वाटत नाही. पुढे कोण वाचणार आहे, हा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता, एवढंच. अण्णांसमोर तो असावा. नाहीतर ज्या विहिरी गावाला तोंडपाठ होत्या त्या लिहून काढायचं कारण काय?

जुन्या फाँटमधलं मराठी युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर मिळतात. ते वापरले की जवळजवळ सगळं येतं, पण पहिली वेलांटी आणि रफार चुकतात. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत, म्हणजे वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने असतात, आधी अक्षर. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे एका विहिरीची वेलांटी शेजारच्या शब्दाला जाऊन चिकटते. रात्री एकपर्यंत बसून त्या वेलांट्या मी एकेक करून जागच्या जागी आणल्या. अण्णांचं लिहिणं मी हातात घेऊन उजेडाला धरलं ते असं. ‘७२’ चं ‘१९७२’ केलं नाही. ते त्यांचं आहे. शेवटी वेगळ्या ओळीत खुलासा लिहिला.

हिशेब करून पाहिला. त्या खिशातल्या अंधाराच्या व्हिडिओचं एक मिनिट, आणि विहिरींची यादी. एका मिनिटाच्या जागेत अशा नऊ हजारांवर याद्या मावल्या असत्या. जड ते वर, हलकं ते तळाला, असं लावलं की मोलाचं बहुतेक सगळं तळाला जातं, हे मला एका रात्रीत इतकं स्पष्ट दिसलं की आता आवरायला घेताना मी यादी उलटी लावीन. आधी सगळ्यात लहान आणि सगळ्यात जुनं उघडून बघायचं, ते बाजूला सुरक्षित ठेवायचं आणि मगच जडाकडे वळायचं. वेळ जास्त लागेल. माळ्यालाही लागायचाच.

एकेक उघडून बघण्यावरून पुण्यातलं पेशवे दप्तर आठवलं. कागदांच्या गठ्ठ्यांना तिथे रुमाल म्हणतात, कापडात बांधलेले म्हणून. आपल्या फोल्डरला एवढा चांगला शब्द घरात असताना आपण तो वापरला नाही, याची मला हळहळ वाटते. गोविंद सखाराम सरदेसाईंनी हाताखाली माणसं घेऊन त्या हजारो रुमालांतून निवड केली आणि १९३० ते १९३४ या काळात तिचे ४५ खंड निघाले. मोडीतले कागद, एकेक उलगडून, वाचून. निवडलं ते छापलं आणि न निवडलेलं पुन्हा बांधून ठेवलं, म्हणून नंतरच्या अभ्यासकांना त्यांच्या निवडीपलीकडे जाता आलं. घरातल्या लॅपटॉपवर आपल्याला ती मुभा नाही, डिस्क २३८ जीबींचीच आहे. पण निदान वाचणं तरी आपल्या हातात आहे. आणि माझ्या लॅपटॉपवरचं जे मला कळतं ते माझ्या मुलीला कळणार नाही. तिला ‘अण्णा’ हे ११ एमबींचं एक फोल्डर दिसेल, आत न वाचता येणाऱ्या फाइली, आणि ती माझ्यासारखीच थकलेली असेल. म्हणून हे काम माझ्याच्याने होतं आहे तोवर मीच करायला हवं.

झोपायच्या आधी विहिरींची फाइल नव्या नावाने सेव्ह केली. नावात गाव, विषय, साल, सगळं मराठीत. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक भावाला पाठवली, फाँटची फाइलही सोबत. ती आता पुसायची नाही. सी ड्राइव्हवर ७० जीबींच्या वर जागा झाली होती आणि पट्टी निळी होती. लग्नाचे फोटो उतरवले.

आज सकाळी चार पानं छापून आणली आणि चहाच्या वेळी आईला वाचून दाखवली. तिचं वय आता सत्त्याहत्तर आहे, दिसायला कमी आलं आहे, ऐकू चांगलं येतं. ती मान हलवत ऐकत होती. काही विहिरींच्या नावाला हसली. पुरी ४३ झाल्यावर म्हणाली,

“कुंभारवाड्यातला आड कुठाय यात?”

“अण्णांनी नाही लिहिलेला.”

“त्यांना कसा ठाऊक असणार? बहात्तरला ते कालव्याच्या कामावर, तिकडं तंबूत. पाणी आम्ही भरायचो. सगळ्या विहिरी आटल्या तेव्हा त्या एका आडावर गाव जगलं. रात्री दोनला जाऊन घागरींचा नंबर लावायचो. वाटी-वाटीनं झिरपायचं पाणी, पण झिरपायचं.”

“खोल किती होता?”

तिने डोळे मिटले. दोन्ही हात पुढे आले आणि एकाआड एक खाली-वर होऊ लागले, दोर ओढावा तसे. ओठ मोजत होते.

“साडेतीन परस. लिही.”

मी लॅपटॉप जवळ घेतला आणि यादीच्या खाली नवी ओळ उघडली. ४४. कुंभारवाड्यातला आड. साडेतीन परस. ७२ ला आटला नाही.